दहावीला गेलेली मुलगी, सातवीतला मुलगा आणि कोकणातल्या गावातला एक दिवस

मधली_आळी

नमस्कार मंडळी. मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून दापोलीला जातोय. मुक्काम नणंदेकडे, कॅम्पातच, म्हणजे दापोली शहरातच. समुद्र होणारच, पन्हाळेकाजीची लेणी ठरली आहेत, सुवर्णदुर्ग जमला तर जमला. पण एक अख्खा दिवस मला कुठल्या तरी एकाच गावात घालवायचाय. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. हॉटेल नको, 'पॉइंट' नकोत.

अडचण मुलांच्या वयाची आहे. मुलगी दहावीला गेली, मुलगा सातवीत, आणि बरोबर माझा भाचा, जो दहावीच्या निकालाची वाट बघत लोळतोय. लहान होती तेव्हा सोपं होतं. वासरू दाखवलं, विहिरीत डोकावून 'कूऽऽ' केलं की दिवस सार्थकी लागायचा. आता "गावात असतं काय?" असं विचारतात आणि मलाही धड उत्तर देता येत नाही. मागे घाटावरच्या एका कृषी पर्यटन केंद्रात नेलं होतं. बैलगाडीची फेरी, चाकावरचं मडकं, दुपारी मिसळ आणि दिवसभर स्पीकरवर गाणी. तिघंही अकरा वाजता जे फोनमध्ये शिरले ते गाडीत बसेपर्यंत वर आलेच नाहीत. त्यांना काय बोलणार, मलाही कंटाळा आला होता.

कोकणात आमचं गाव नाही, दोन्हीकडचे देशावरचे. तर या वयाच्या मुलांना घेऊन गावात नेमकं करायचं काय?

निवांत

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडेही एक चौदा वर्षांचं रत्न आहे.

तांबडी_माती

दापोलीतच आहात तर लांब जाऊ नका. आसूदला जा. हर्णैच्या रस्त्यावर, दापोलीपासून सात-आठ किलोमीटर. लोक केशवराजच्या देवळात जातात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात गाडीत. तसं करू नका, दिवस तिथेच घालवा.

गाडी घरी ठेवून एसटीने जा. पैसे मुलांच्या हातात द्या, तिकीट त्यांना काढू दे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना आधीपासूनच. म्हणजे मुलीचं अर्धं, भाच्याचं पूर्ण आणि सातवीतल्याचं काय ते त्याच्या जन्मतारखेवर. उतरेपर्यंत त्यावरच भांडतील.

रस्त्यावरून खाली उतरलात की वहाळ (ओढा) लागतो. साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडला की पाखाडी (पायऱ्यांची वाट) वर चढत जाते. दोन्ही अंगांना पोफळी (सुपारीची झाडं), मधेमधे माड, खाली केळी, पोफळीवर चढवलेले मिरवेल. मेच्या दुपारीसुद्धा तिथे घाम सुकतो. वर देवळापाशी गोमुखातून पाणी पडत असतं. ते मागच्या डोंगरातून दगडी पन्हळीने आणलेलं आहे. 'किती सुंदर आहे बघा' म्हटलंत तर एकही मान वर होणार नाही. 'हे पाणी येतं कुठून ते शोधून काढा' म्हणा आणि तुम्ही पायरीवर बसा.

मग कुणाच्या तरी घरी. मे म्हणजे आमच्याकडे आगोटीची घाई. पावसाच्या आत लाकडं पडवीत यायला हवीत, रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, आमसुलं वाळवायची, आंब्याची साठं घालायची, फणसपोळ्या थापायच्या, कौलं परतायची राहिली असतील तर तीही. पाहुणे आले म्हणून यातलं काहीही थांबत नाही. मोठ्या मुलांचा फायदा हाच की ती कामाला येतात. पाच वर्षांच्या पोराला रातांबे दाखवायचे असतात, पंधरा वर्षांच्या पोरीपुढे टोपली ठेवायची असते. ओळखीचं घर सांगू शकते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दर्यावर्दी

तांबडी_माती, +१. फक्त संध्याकाळ आसूदमध्ये काढू नका, हर्णैला उतरा. दुपार कलली की बंदरात लिलाव लागतो. मोठ्या बोटी आत नांगरलेल्या, मासळी छोट्या होड्यांतून काठावर, आणि पुळणीवरच, वाळूत, ढीग आणि बोली. पापलेट, सुरमई, कोळंबी, माकुल, कधीकधी हातभर लांबीचा काहीतरी ज्याचं नाव मलाही सांगता येत नाही. भाच्याला सांगा, एका ढिगाची बोली कुठून सुरू झाली आणि कुठे तुटली एवढं टिपून घे. बाजार कसा चालतो ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं. मेमध्ये जाताय ते बरं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा हर्णै ओकंओकं.

आणि पाण्यात उतरणार असाल तर भरतीचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. आमच्या आजोबांची रीत: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची, पाणी चढतंही जास्त आणि ओढतंही जास्त. अष्टमीची ती भांगाची, मवाळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, जागेप्रमाणे बदलतं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीही तेवढी सरकते. आजोबांची पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, पाचाचाच फरक. पोरांना कालनिर्णय द्या आणि उत्तर काढायला लावा, मग मोबाइलमधल्या तक्त्याशी पडताळू दे.

गडगा

आमचं गाव याच पट्ट्यात आहे, नाव लिहीत नाही. धागाकर्तीचा हेतू चांगला आहे म्हणून लिहितोय, नाहीतर अशा धाग्यांवर गप्प बसतो.

गाव 'दाखवायचं' नसतं. मेमध्ये दर शनिवारी आमच्या आळीत तीन-चार गाड्या घुसतात. खळ्यात आजी आमसुलं पसरतेय, तिच्यासमोर मोबाइल धरतात, "आजी, जरा इकडे बघा ना!" विचारत नाहीत, बसत नाहीत, नाव सांगत नाहीत. परसात शिरून कैऱ्या पाडतात. कुणी हटकलं तर म्हणतात, एवढ्या पडल्यात की खाली! पुळणीवर गाड्या घालून रुतवतात आणि मग आमच्याच पोरांना ट्रॅक्टर घेऊन बोलावतात.

पाणी. हे पुण्याच्या लोकांना खरं वाटत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो. कारण खाली जांभा. चाळणीसारखा दगड, पाणी धरत नाही, उतारावरून खाडीला. तेव्हा कुणाच्या घरी गेलात तर हातपाय धुवायला बादलीभर पाणी ओतू नका. तांब्या आहे, तांब्याच घ्या.

देवराई लागली तर तिथली काटकीही उचलायची नाही. कातळाच्या फटीत, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) भोकात हात घालायचा नाही. फुरसं, विषारी साप, वीतभर-हातभर असतं, मातीच्याच रंगाचं, दिसत नाही. पायात सँडल नकोत, बूट हवेत. काही झालंच तर गावठी उपाय करत बसायचं नाही, सरळ दापोलीचं सरकारी रुग्णालय.

एवढं पाळणार असाल तर खुशाल या.

निवांत

गडगा, थोडं कडक झालं. पण पटलं.

मास्तरीण

आसूदपासून मुरूड जवळच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. पुतळा आहे, मुलं ढुंकून बघणार नाहीत, त्याला काही उपाय नाही. पण भाच्याला एवढं सांगा: हा माणूस सतरा वर्षांचा असताना परीक्षा द्यायला मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. सह्याद्री चढून, शंभराहून जास्त मैल. पोचल्यावर परीक्षकाने त्याला बसू दिलं नाही, कारण तो वयाने लहान दिसत होता. परत आला. १९५८ मध्ये भारतरत्न, तेव्हा वय शंभर. दहावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या कुणालाही यातला मधला भाग लगेच कळतो. माझ्या वर्गात हे सांगितलं की पहिला प्रश्न नेहमी एकच येतो, "मॅडम, मग त्याने त्या परीक्षकाला काही सुनावलं नाही?"

कातळ

सगळे दापोलीच्याच मागे. ज्यांचा मुक्काम रत्नागिरी-राजापूरकडे आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

मोठ्या मुलांसाठी आमच्याकडे कातळशिल्पं आहेत. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, उघड्या जांभ्यात कोरलेली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. कशेळीचा हत्ती मी म्हणतो म्हणून बघा: एका हत्तीच्या रेषेच्या पोटात कितीतरी दुसरे प्राणी, आणि आकार एवढा की उभं राहून एका नजरेत मावत नाही. तिथे मुलांना मोजणी करायला लावली तर तास कुठे जातो कळत नाही. देवाचे गोठणेच्या सड्यावर होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, फोनमधलंही. माझ्या पुतण्याने तिथे एक पाऊल, दोन पावलं असं मोजत काटा कुठे फिरतो त्याचा कागदावर नकाशा काढला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

मेमध्ये मात्र सकाळी नवाच्या आत सड्यावरून खाली. नंतर कातळ तापतो, सावलीचं झाड नाही. मग खाली कशेळीत कनकादित्याचं देऊळ, कुणाकडे तरी जेवण, दुपारची झोप. कोरलेल्या रेषांवर पाय ठेवू नका, शिल्पांत पाणी-खडू भरून फोटो काढू नका.

वेंगुर्ल्याचो

आणि तळकोकण? खय गेला? दापोली म्हणजे कोकण नव्हे हो. येवा कधीतरी. (हलकेच घ्या.)

मधली_आळी

सगळ्यांचे आभार. आसूद नक्की केलं. तांबडी_माती, व्यनि केलाय.

आता दोन नाजूक प्रश्न, इथेच विचारते, इतरांनाही उपयोग होईल. एक, पैसे. हे काही होमस्टे नाही, साधं घर आहे. जेवायला घालणार, दिवसभर सांभाळणार. पैसे पुढे केले तर अपमान, न केले तर फुकटेपणा. दुसरा, मुलीची तारीख नेमकी त्याच दिवसांत येतेय. जुन्या घरात देवाधर्माचं, सोवळ्याचं काही असेल तर तिची कुचंबणा नको आणि त्यांचीही. स्वच्छतागृहाचं कसं असतं?

तांबडी_माती

स्वच्छतागृह बहुतेक घरी मागच्या पडवीला लागून असतं, पक्कं, नीट. काळजी नको. कचऱ्याची पिशवी तुमची तुम्ही परत न्या, गावात गोळा करणारी गाडी रोज येत नाही.

सोवळ्याचं खरं सांगते. काही घरी अजून पाळतात, विशेषतः वर्षाचं लोणचं-आमसूल करताना. "हिने बरणीला हात लावू नये" असं म्हणणाऱ्या आज्या आहेत. मला स्वतःला हे पटत नाही आणि माझ्या घरी मी चालू देत नाही. तुम्हाला सांगितलेल्या घरात विचारलं. सूनबाई हसल्या. म्हणाल्या, आमची स्वतःचीच मुलगी त्याच वयाची आहे, आजीने कधीच सोडून दिलंय ते सगळं. निर्धास्त या.

पैशाचं गडगा सांगतील.

गडगा

पैसे द्या. सरळ, कुटुंबातल्या कर्त्या बाईच्या हातात, निघताना, "जेवणाचे" म्हणून. आडपडदा ठेवला की दोघांनाही अवघड होतं. ते नाहीच म्हणाले तर घरची आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळीथ, नारळ विकत घ्या, आणि घासाघीस करू नका. शहरात ऑनलाइन दुप्पट भावाने मुकाट्याने घेता. खाऊचा बॉक्स नेऊ नका. नेलातच तर पेढे-बाकरवडी नको, पुण्यातून चांगली द्राक्षं न्या. आमच्याकडे द्राक्षं चांगली मिळत नाहीत.

(मे आहे, द्राक्षं संपली असतील. मग अंजीर बघा.)

शिस्तप्रिय

एक सूचना. फोन घरीच ठेवायला लावा. एक दिवस फोन नसला तर मरत नाहीत.

निवांत

शिस्तप्रिय, बारा वर्षांच्या मुलाला चालेल. सोळा वर्षांच्या मुलाचा फोन काढून घेतला तर दिवसभर तो गाव बघणार नाही, तुमच्यावर डूख धरून बसेल. माझ्या घरचा अनुभव. फोन असू दे, त्याच्यापेक्षा जास्त मजेचं काही हातात असलं पाहिजे. नसेल तर दोष फोनचा कसा?

शिस्तप्रिय

असहमत. पण वाद वाढवत नाही.

मधली_आळी

(मुलगी लिहितेय, आईच्या आयडीवरून.)

नमस्कार. आईने सांगितलं, आलो त्याचा वृत्तांत तूच लिही. बहुतेक तिला वाटतंय मी "खूप छान वाटलं, निसर्गाच्या सान्निध्यात" वगैरे लिहीन. तर क्रमाने लिहिते.

एसटी. कंडक्टर काकांनी भावाला विचारलं, कितवीत? तो म्हणाला सातवीत. पूर्ण तिकीट. माझं अर्धं. दादा (म्हणजे आईचा भाचा) अजूनही म्हणतोय हा अन्याय आहे.

पाणी शोधायचं काम आम्हीच केलं, आई खरंच पायरीवर बसली. पन्हळीच्या कडेकडेने वर गेलो. मग एका काकांनी पाट दाखवला. वरून पाणी एका चरातून येतं, प्रत्येक बागेशी माती-पाल्याचा बांध असतो, तो पायाने फोडला की पाणी तुमच्या बागेत, परत लावला की पुढच्याच्या. आणि पाळी ठरलेली असते. काका म्हणाले, पाळी चुकवून कुणी रात्री पाणी वळवलं तर वर्षभर बोलणं बंद. पंप, टायमर काही नाही, फक्त पाय आणि भांडण. भावाला त्यांनी एक बांध फोडायला दिला. तो तासभर तिथून हलला नाही.

त्या बागेत पोफळी दोन उंचीच्या आहेत. काही खूप उंच आणि बाकीच्या एकदम बुटक्या, मधल्या उंचीच्या नाहीतच. दादाने विचारलं असं का. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ना, तेव्हा एका दुपारी मधोमधची सगळी रांग झोपली. बुटक्या आहेत त्या नंतर लावलेल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे त्यांच्यातल्या काहींना आत्ता कुठे सुपारी लागतेय. मला २०२० म्हणजे फक्त ऑनलाइन शाळा आठवते.

घरी गेल्यावर आजींनी कोण, कुठले, जात-गोत काही विचारलं नाही. हात धुवा म्हणाल्या (तांब्याने धुतले, गडगाकाका) आणि रातांब्यांची टोपली पुढे ठेवली. फोडायचे, बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. पहिले दहा मिनिटं मजा. मग नखांच्या कडेला झोंबायला लागतं, हात लालजांभळे होतात आणि ढीग कमीच होत नाही. दादा दोनदा उठला. आजी म्हणाल्या, बस, संपल्याशिवाय जेवण नाही. हसत म्हणाल्या पण खरंच वाढलं नाही. भावाला माकडं हाकलायचं काम होतं, पत्र्याचा डबा आणि काठी. माकडं दिवसातून कितीदा येतात याला हिशेब नाही. त्यांच्यामुळे काकांनी मागची भाजी लावणंच सोडलंय. आधी भाऊ खूश होता, दुपारी म्हणाला हे रोज करायचं म्हणजे शिक्षा आहे.

जेवण: केळीच्या पानावर भात, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी, आणि बरक्या फणसाची सांदणं नारळाच्या दुधाबरोबर. सांदणांबद्दल मला काही बोलायचं नाही, फक्त मला ती परत हवी आहेत. फणस कापताना हाताला तेल लावलं नव्हतं म्हणून दादाच्या हाताचा चीक रात्रीपर्यंत निघाला नाही.

त्या घरात माझ्याच वयाची मुलगी आहे. सगळ्यात जास्त वेळ तिच्याशी बोलण्यात गेला. ती दापोलीला क्लासला जाते. शेवटची एसटी साडेसहाची, म्हणून तिचा गणिताचा क्लास कायम पंधरा मिनिटं आधी सुटतो, म्हणजे तिच्यासाठी. सर रागावतात. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालेत तर पुण्यातलं कॉलेज भरू का, असं ती मला विचारत होती. मला काहीच माहिती नव्हती, दादाने सांगितलं. मी म्हटलं, इथे किती शांत आहे. ती म्हणाली, "हो ना, कंटाळा येतो." रेंज फक्त सहाणेपाशी (गावाची पालखी टेकवतात तो चौथरा) येते, तिथे जाऊन आम्ही इन्स्टा बघितलं. तेव्हा शिस्तप्रियकाका, फोन लागला. तिचा नंबर घ्यायला.

हर्णैचा लिलाव भारी होता. दादाने पापलेटच्या ढिगाची बोली टिपली. बोली लावणारे बोटांनी काहीतरी खुणा करतात, त्या काही कळल्या नाहीत. आईने पूर्ण वेळ नाकाला ओढणी लावली होती.

तक्रार एकच. मोठी माणसं सारखी आमच्या चेहऱ्याकडे बघत होती, आवडतंय का, आवडतंय का. तसं बघितलं की आवडलेलं पण सांगावंसं वाटत नाही.

मास्तरीण

शाब्बास. शेवटचा परिच्छेद पालकांनी फ्रेम करून लावावा.

दर्यावर्दी

खुणांचं सोपं आहे, पण मी सांगणार नाही. पुढच्या खेपेला दादाला एखाद्या भाव लावणाऱ्या मावशीशेजारी उभं करा, त्याच सांगतील.

गडगा

तांब्याबद्दल धन्यवाद. माकडं, पाळीवरून भांडण, सगळं बघून आलात. आमच्याकडे येणाऱ्यांना हे सहसा दिसतच नाही, कारण ते जेवणापुरतेच टेकतात. त्या मुलीच्या क्लासचं वाचून मात्र वाईट वाटलं. संध्याकाळी आणखी एक गाडी सोडा असा अर्ज आमच्या वाडीनेही केलाय. आगार म्हणतं, चालक नाहीत.

मधली_आळी

आता मी. हिने लिहिलेलं वाचून गप्पच बसले. पैसे घेतले नाहीत शेवटपर्यंत, मग आगळ, आमसुलं, कुळीथ आणि नारळ एवढं घेतलं की परत एसटीने येणं अशक्य झालं, नणंदेच्या नवऱ्याला गाडी घेऊन बोलवावं लागलं. एक पिशवी ताजे रातांबेही दिलेत. पोरं म्हणतात, आम्हीच आमसुलं करणार. बाल्कनीत वाळतील का? तांबडी_माती, कृती सांगाल?

तांबडी_माती

पुण्याच्या उन्हात उत्तम वाळतील, आमच्यापेक्षा हवा कोरडी आहे. बिया टाकून द्यायच्या नाहीत. त्यांच्याभोवतीचा गर मीठ घालून चोळायचा, जो रस सुटतो तोच कामाचा. सालं त्या रसात बुडवून उन्हात, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. रस संपेपर्यंत असं करत राहायचं. जितकी पुटं बसतील तितका रंग काळा आणि आंबटपणा जास्त. मीठ कमी पडलं तर पावसात बुरशी येते, हात आखडू नका. स्टीलच्या ताटात नको, काचेची किंवा प्लास्टिकची परात घ्या.

थोडी सालं सरबताला ठेवा. साल एक तर साखर दोन, थरावर थर, बरणी आठवडाभर उन्हात. तिला अमृत कोकम म्हणतात, मुलांना तेच जास्त आवडेल. बिया वाळवून दिल्यात तर आजी त्याचं मुठेल (कोकमाचं घट्ट तेल) करून देतील, टाचांच्या भेगांना.

निवांत

आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. तेव्हा रातांबे मिळतील का? आणि मला पण ते घर व्यनि करा, रत्नाला टोपली द्यायची आहे.

तांबडी_माती

मिळतील, पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत. नंतर फळ भिजतं, आमसुलाला चालत नाही. घर मात्र दुसरं सांगते. त्या आजींना सलग दोन आठवडे पाहुणे नकोत.